मासे नसलेलं पाणी

रॉबिनव्हेल
४ मार्च १९९९

तीर्थरूप लेसिएली आत्यांस,
मोसेसेचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आपल्या बेटावर, ववाउला सुखरूप पोचलात आणि बोटीत ओकारी झाली नाही, हे वाचून बरं वाटलं. इथे आम्ही खुशाल आहोत. द्राक्षांची तोडणी जोरात आहे. सेइनी पॅकिंगच्या शेडमधून आली की तिला बोलायचंही त्राण उरत नाही. ऊन असं, की घरातला एकुलता एक पंखा माशांच्या काचेच्या पेटीसमोर लावलाय. सेइनी म्हणते, या घरात माणसाने मासा म्हणूनच जन्माला यावं.

उन्हाने पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी घालतो. बाबांची काचेची नळी तरंगवून खारटपणा बघतो. बाबा गेल्यापासून हे काम कुणी न सांगता माझ्याकडे आलंय.

तुमच्या निळ्या माशाचा फोटो पाठवला नाही, कारण रीळ संपलं. शिवाय पेटीची थोडी साफसफाई चालू आहे. काळजी करू नये.

आपल्या मायेत आहोतच, तिथेच राहू द्यावं.
आपला,
मोसेसे


रॉबिनव्हेल
९ मार्च

ती. आत्याबाईंस,
सेइनीचा नमस्कार. वि. वि.

हे पत्र मी नवऱ्याला न सांगता लिहितेय. रीळ संपलेलं नाही. तुमचा निळा मासा मेला, आणि त्याच्या मागोमाग पेटीतले तीन. उरलाय फक्त कॅप्टन, मामंजींचा तो म्हातारा केशरी मासा.

मामंजींच्या वर्षाच्या प्रार्थनेला येताना तुम्ही मेलबर्नच्या दुकानातून किती हौसेने तो मासा आणलात! मोसेसेने त्याला धुण्याच्या खोलीतल्या टबात वेगळा ठेवला. काही आठवडे नवा मासा तसाच ठेवायचा असतो. रोग असला तर तिथेच दिसतो. तुम्ही म्हणालात, माझ्या भावाच्या घरात माझ्या भेटीने साबणाच्या पुड्याशेजारी बसायचं का? मोसेसेने जाळी आणली आणि मासा पेटीत सोडला. बापाच्या थोरल्या बहिणीपुढे आपल्याकडे कुणाची जीभ उचलते? त्यातून याची तर मुळीच नाही. मी सून, मीही गप्प बसले.

आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. आता कॅप्टन त्याच टबात आहे, तांब्याच्या औषधात. मोसेसे रोज उठून आधी तिकडे जातो. तुम्हाला दोष देणं त्याच्याने व्हायचं नाही, म्हणून मी कळवलं. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

तुमचीच,
सेइनी


रॉबिनव्हेल
१८ एप्रिल

तीर्थरूप आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं चार ओळींचं पत्र मिळालं. खरं काय ते लिही, असा हुकूमच आहे, तेव्हा लिहितो. सेइनीशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने लू केलं, अळूच्या पानात नारळाचं दूध घालून मांस शिजवलं, आणि मी हरलो.

औषध पेटीत घालता येत नाही, पोवळी आणि कोळंब्या मरतील. म्हणून पेटीत मासा ठेवायचाच नाही. रोगाच्या किड्याला अंगावर बसायला मासा मिळाला नाही, की तो उपाशी मरतो. दोन महिने हे असंच. मला ती रिकामी पेटी बघवेना, म्हणून पहिले काही दिवस तिच्यावर चादर टाकली होती.

पण आत्या, एके दिवशी चादर काढली आणि जागच्या जागी बसलो. रिकामी कुठली! ज्या दगडांना आम्ही इतकी वर्षं दगड समजलो, त्यांच्या भोकाभोकातून पिसांचे पंखे उघडले होते, जांभळे, पांढरे, नखाएवढे. काचेवर तिळाएवढे जीव पळत होते, शेकड्यांनी. एका फटीतून बारीक काटेरी हात बाहेर आले, पाणी चाचपून आत गेले. माशांच्या भीतीने हे सगळे आत दडून होते. सेइनीला हाक मारली. ती हातात भाताचा डाव घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. चर्चमध्ये सगळे एकदम गायला लागतात तेव्हा येतो तसा काटा अंगावर आला.

कॅप्टनचं मात्र ठीक नाही. ठिपके गेलेत, पण त्या उघड्या टबात तो खात नाही. त्याच्याच घाणीने पाणी बिघडतं. रोज बदललं तरी पुन्हा बिघडतं. रंग उतरलाय.

तुमचा अपराधी वाटणारा,
मोसेसे


ववाउ
६ मे

चि. मोसेसेस,
अनेक आशीर्वाद. विशेष,

अपराधी तू कसला? मी केलं ते मी केलं. मी समुद्राकाठी जन्मले, आणि मला वाटायचं पाण्यातलं मला कुणी काय शिकवणार!

तू पेटीबद्दल लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. गावाने एकदा समुद्रातल्या आपल्या खडकाच्या एका भागावर वर्षभर तपू घातला होता, कुणी पाय ठेवायचा नाही. बंदी उठल्यावर मी होडीत पालथी पडून खाली बघितलं. मोठाल्या शिंपल्यांचे ओठ उघडे, निळेशार. परतताना सगळ्या बायका गप्प होत्या, आणि आमच्या बायका गप्प म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तू तोच तपू घातलायस, घरात.

आता माझं ऐक. कॅप्टनला पुन्हा पेटीत सोडू नकोस. तुझ्या बापाच्या, माझ्या लिसिआतेच्या हातून खाल्लेला तो शेवटचा जीव. टबात तो निदान मी आणलेल्या रोगाने मरणार नाही. हे सांगणं नाही, माझा हुकूम आहे.

सेइनीला म्हणावं, खरं लिहिलंस म्हणून माझ्याकडे एक चटई तुझ्या नावाची ठेवलीय.

जपून राहा.
तुझी,
आत्या


रॉबिनव्हेल
२९ मे

तीर्थरूप आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. बदामाच्या बागेत काम करताना मुकादमाने दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना.

आत्या, नाही. तुमचा हुकूम मला पाळता आला नाही.

टबात कॅप्टन जगत नव्हता, फक्त मरायचा थांबला होता. दोन महिने पुरे झाले होते. काल पेटीचं पाणी तपासलं: खारटपणा नीट, घाण शून्य. जाळी सेइनीने धरली.

सोडल्यावर तो मधोमध तसाच तरंगत राहिला. चहूकडे ते पंखे उघडलेले. आत्या, इतक्या वर्षांत त्यानेही आपलं घर असं कधी पाहिलं नसेल! मग तो जवळून गेला तसतसे पंखे मिटत गेले आणि मागून पुन्हा उघडले. शेवटी काचेपाशी आला आणि एक तिळाएवढा जीव त्याने टिपला. मग दुसरा. सेइनी रडायला लागली आणि मला म्हणाली, रडू नकोस.

कितीही रागावलात तरी उत्तर पाठवा.
आपला,
मोसेसे


ववाउ
१७ जून

चि. मोसेसेस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं पत्र मी रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांना वाचून दाखवलं. नाही म्हणालास तिथे मोठ्याने वाचलं. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, मी आता काय करते म्हणून.

मी लिसिआतेला लहानपणापासून हुकूम सोडत आले. चुकीचेही पुष्कळ असतील. तुझ्या बापाला एकदाही नाही म्हणता आलं नाही रे.

तुझी,
आत्या