आईच्या पलंगाचं टेबल

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज सलीमभाई सुतारांनी खिडकीजवळच्या कोपऱ्यात टेबलाची फळी बसवली. आईच्या पलंगातून कापलेली. गेलेल्या माणसाचा पलंग घरात ठेवू नये, देऊन टाक, असं मावशी सांगत होती. मला जमेना. आणि घरून काम करायला दुसरी जागाही नाही.

फळी मधेच अडली तेव्हा वाटलं, उगाच पलंग कापायला लावला का?

"ताई, भिंत वाकडी आहे, फळीवर कशाला रागावता?" म्हणत त्यांनी बाजू तासली. बसली. समोरची कडही न सांगता गोल केली, हाताला टोचू नये म्हणून. किती बरं वाटलं.

मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस. पण तिच्यासारखा पसारा नको मांडूस त्यावर."

ऑफिसचं काम उद्या. फळीवर मेथीची जुडी सोडली आणि त्या गोल कडेवर हात टेकून निवडत बसले.