कोरा अर्ज

जळगाव,
मंगळवार, १५ मार्च १९९४

प्रिय निंबाभाऊ,

अभिमनचा रामराम. सुनंदाबाईंनाही रामराम, कारण हे पत्र त्याच तुम्हाला वाचून दाखवणार. इकडे सगळे बरे आहेत. ऊन आत्तापासूनच चटके देतंय, आणि परवाच्या वाऱ्याने सावद्याकडची केळी आडवी झाली. माझे गुडघे जिना चढताना बोलायला लागलेत. आपल्या खरेदी-विक्री संघाच्या ट्रकवरचा वना साक्रीच्या बाजारात तुम्हाला भेटला म्हणे. तुम्ही बाजा विणता, आणि तुमच्या विणीच्या बाजेला दहा वर्षं झोळ पडत नाही, असं सांगत होता. ऐकून आनंद झाला असं लिहिणार होतो, पण झाला नाही.

सुनंदाबाई, आता पुढे जे येईल ते जसंच्या तसं वाचा. राग येईल, यायलाच पाहिजे. पण एक ओळ गाळू नका.

शुक्रवारी जुन्या फायली काढायला बसलो होतो. आधीचे साहेब गेले, नव्यांना कपाटं रिकामी हवी आहेत. त्यात तुमची फाईल निघाली. तुमचा नेमणुकीचा कागद, रजेचे अर्ज, आणि सगळ्यात शेवटी तीन पानं. त्यावर आवक शिक्का आहे, सप्टेंबर १९९१ चा. खाली तुमची तिरकी सही आहे. बाकी तिन्ही पानं कोरी.

निंबाभाऊ, तुम्हाला हे आजवर कोणी सांगितलं नाही. तुमचा अर्ज कोरा गेला होता.

तुम्हाला तेव्हाचे साहेब म्हणाले, "अर्ज पाहिला, जमणार नाही." पाहिला हे खरंच. वाचणार काय, कप्पाळ? बैठकीत त्यांनी ते कागद सगळ्यांना उंच धरून दाखवले आणि म्हणाले, हा माणूस टाइप येतं म्हणून सांगतो आणि कोरे कागद देतो, याच्या हाती फोनचा नवा बोर्ड कसा द्यायचा? सगळे हसले. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत होतो. मी हसलो नाही, पण बोललोही नाही.

कागद उजेडात धरला की अक्षरांचे खळगे दिसतात. शुक्रवारी मी शिसपेन आडवी धरून पहिल्या पानावर हलकेच घासली. काळ्यातून पांढरी अक्षरं वर आली, एकेक. तिन्ही पानं घासेपर्यंत चहा निवला आणि समोर उभा असलेला माणूस काय विचारून गेला तेही कळलं नाही.

मला वाटत होतं तुम्ही दया मागितली असेल. बायको आहे, पोरं आहेत, नोकरी राहू द्या, असं काही. मी काय, सगळेच तसं लिहितात. तुम्ही तसं एक अक्षर लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंय की जुन्या बोर्डावर फोन आला की छोटी झडप पडायची, तिचा आवाज व्हायचा आणि ती बोटाला कळायची, नव्यावर नुसते लाल दिवे आणि सपाट बटणं आहेत, म्हणून अडतं. पण कंपनीचा माणूस शिकवत होता ते तुम्ही मागे उभं राहून ऐकलंत. डावीकडचं पहिलं बटण दाबलं की जो फोन करतोय तो आपोआप लागतो, दिवा बघायचं कामच नाही. राहिलं आतले फोन जोडणं. त्यासाठी प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि पाचव्या बटणावर डिंकाने मुगाचा एकेक दाणा चिकटवावा. एवढीच मागणी. मुगाचे दाणे!

रविवारी ऑफिस बंद असताना किल्ली घेऊन गेलो. घरून मूठभर मूग नेले, तीन ओळींना सहाच लागले. वीस मिनिटं लागली, त्यातली दहा डिंक वाळायला. डोळे मिटले, दाणा चाचपला, दुसऱ्या ओळीचं पाचवं बटण दाबलं. गोदामात घंटा वाजली आणि रखवालदार म्हणाला, "हालो, कोण?" मी फोन ठेवून दिला. अडीच वर्षं, निंबाभाऊ. अडीच वर्षं तुम्ही सुतळी ओढताय, आणि काम वीस मिनिटांचं होतं.

आता कोरा कसा गेला ते. मी इतका वेळ मुगावर बोलत बसलो ते यासाठीच की हे लिहायला हात धजत नाही.

टाइपरायटरला डाव्या बाजूला तो छोटा खटका असतो. प्रती काढायच्या मेणकागदाची स्टेन्सिल कापायची तर तो पांढऱ्या खुणेवर ठेवायचा, मग रिबन वर येत नाही, नुसती अक्षरं आदळतात. त्या दिवशी सकाळी मी आमच्या गल्लीच्या भंडाऱ्याच्या पत्रकाची स्टेन्सिल कापली, ऑफिसच्या मशीनवर, चोरून. खटका परत फिरवायचा राहिला. तुम्हाला टाइप शिकवलं तेव्हा मीच म्हणालो होतो की खटक्याची काळजी करू नका, तो मी जागेवर ठेवीन.

एवढंच असतं तर चूक म्हणून सोडूनही दिलं असतं. पण तुम्ही पान काढलंत, त्यावर बोटं फिरवलीत, आणि माझ्याकडे धरून सगळं नीट आहे का विचारलंत, "आबा, देखा बरं, बठ्ठं बराबर शे ना?"

मला पत्रकं काढायची घाई होती. मी मान वर न करता म्हणालो, "हा, एकदम बराबर शे."

बघितलं नाही मी. ज्याला दिसतं त्याने बघितलं नाही. आणि बैठकीत ते कागद पाहताक्षणी मला सगळं कळलं होतं. बोललो असतो तर पत्रकाची भानगड बाहेर आली असती, म्हणून गप्प बसलो. कामावरून काढायच्या आधी तुम्हाला दोन महिने फाटकाजवळच्या बाकावर बसवून ठेवलं, रोज येता-जाता तुम्ही माझ्या चपलेचा आवाज ओळखून रामराम घालायचात, आणि मी घ्यायचो.

काल ते कागद आणि माझा लेखी कबुलीजबाब नव्या साहेबांपुढे ठेवला. त्यांनी वाचलं, मग बोर्डापाशी जाऊन स्वतः डोळे मिटून बटण दाबलं. ऑपरेटरची जागा दिवाळीपासून रिकामी आहे. छगन शिपाई बोर्डावर बसतो आणि दिल्लीच्या व्यापाऱ्याला मुतारीशेजारच्या फोनवर जोडतो. साहेब म्हणाले, येत्या सोमवारी अकराला त्यांना बोलवा, बोर्ड चालवून दाखवू देत. जमलं तर आदेश काढतो. मला खुलाशाची नोटीस मिळाली आहे. ती मिळायलाच हवी होती.

या, असं सांगायचा मला हक्क नाही. माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तर मी त्या दिवशी रजा टाकीन. पण बोर्ड तुमचा आहे, माझ्यावरच्या रागाने तो सोडू नका. अर्ज सोबत पाठवतोय. सुनंदाबाई, तो पूर्ण वाचून दाखवा, म्हणजे त्यांचं लिहिणं कोरं नव्हतं हे त्यांना कळेल. शेवटची ओळ तेवढी मी इथे उतरवतो, कारण गेले चार दिवस ती डोळ्यांपुढून हलत नाही: "नऊ वर्षांत माझ्या हातून एकही फोन चुकीचा जोडला गेलेला नाही. खात्री करायची असल्यास अभिमन आबांना विचारावे, ते पाहिल्याशिवाय बोलत नाहीत."

तुम्ही ज्याला विचारायला सांगितलं होतं तो,
अभिमन