चाळिशी संपेपर्यंत घरात राहिलेल्या अंगठीबाबत

प्रति,
मा. जिल्हा सरकारी वकील,
ब्रेस्तोग्राद.

विषय : पती स्टामेन गार्व्हान्स्की यांची सुटका होण्याबाबत.
संदर्भ : बल्गेरियाच्या सांस्कृतिक वारसा कायद्याखाली, पुरातन वस्तू दडवल्याबद्दल झालेली अटक.

महोदय,

मी रादोस्तिना गार्व्हान्स्का, राहणार काल्नोवेत्स, माझी तान्ही मुलगी विडा झोपली आहे तेवढ्यात हा अर्ज लिहीत आहे. मध्येच अक्षर बिघडलं तर ती जागी झाली असं समजावं.

१. गरोदरपणात बोटं सुजली म्हणून मी लग्नाची अंगठी काढून खिशात ठेवली, ती कांद्याच्या वाफ्यात पडली. ती शोधायला पतीने शेजारी व्हेल्को यांचं धातुशोधक यंत्र मागून आणलं. माझी अंगठी मिळाली नाही. रोमन काळातली मिळाली : दुधी खड्याची, खड्यावर बाळाला पाजणारी बाई कोरलेली. त्याच दुपारी मला कळा सुरू झाल्या.

२. अशी वस्तू मुदतीत संग्रहालयात द्यायची, हे पतीला ठाऊक होतं. ते निघालेही होते. सासूबाई तोन्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. "बाळंतिणीच्या घरातून चाळीस दिवस निखारासुद्धा बाहेर जात नाही, आणि तू दुधाचा खडा घेऊन निघालास? हिचं दूध आटलं तर पोरीला तुझं संग्रहालय पाजणार आहे का रे?" आपल्या मातोश्रींनीही हे पाळलंच असणार. अंगठी लाल दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात राहिली.

३. मधल्या काळात व्हेल्को ती विकत मागून गेले. पतीने नाही म्हटलं. बाळंतपणाची ही चाळीस दिवसांची चाळिशी संपली त्या सकाळी पती ती घेऊन संग्रहालयाकडे निघाले आणि बसथांब्यावरच पकडले गेले. खबर कोणी दिली, हे मी काय सांगावं? चौकीत मी चाळिशीचं कारण सांगितलं, तर इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, "अंगठीलाही सोयर होतं का, बाई?" सगळे हसले. अंगठीची पारख करायला बोलावलेले तज्ज्ञही हसले. ते व्हेल्कोच होते. गावामागच्या रोमन टेकाडावर त्यांचं खोदकामाचं यंत्र दिवसाढवळ्या चालतं. चौकीच्या खिडकीतून दिसतं.

४. अंगठी पतीने दडवली, असं पंचनाम्यात आहे. ते खोटं आहे. ती माझ्या छातीशी होती, दडवणारी मी. तरी त्यांना सोडून मला अटक करावी. मात्र विडा अंगावर पिते, तेव्हा तिलाही आणावं लागेल. कोठडीत पाळण्याची आणि लंगोट वाळत घालायची सोय व्हावी. भूक लागली की ती फार मोठ्याने रडते. त्या वेळी चौकीत कोणी हसत असेल, तर ते ऐकू येणार नाही.

आपल्या हुकमाची वाट पाहत,
रादोस्तिना गार्व्हान्स्का
१८ जुलै

सोबत : १) विडाचा जन्मदाखला.
२) लाल दोरा. (अंगठी आपल्याकडे आहेच.)