दोन गच्च्यांमधली उडी

शिकागो, २ एप्रिल १९७३

चि. थॅडियस यास ओडेसाताईचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीनं लिहिले. हात मात्र शिव्या लिहायला शिवशिवतोय. काल तुझा पिक्चर पाहिला. चर्चमधून परस्पर गेले, डोक्यावरची रविवारची टोपीसुद्धा काढली नाही. कोणी ओळखू नये म्हणून शेवटच्या रांगेत शिरले, तर तिथे आमच्या भजनातल्या दोघी आधीच ठाण मांडून बसलेल्या! आम्ही एकमेकींना न पाहिल्यासारखं केलं.

अरे, काय ही घाण! गल्लीतल्या पोरांना गर्द विकणारा माणूस म्हणे नायक. अंगात केसाळ कोट, आणि गाव कुठलं, तर लॉस एंजेलिस, जिथे जानेवारीतही घाम येतो असं तूच लिहितोस. बायकांना अंगावर कपडा ठेवायची बंदीच असावी. रक्त म्हणून ओतलेला टोमॅटो सॉस मला इतक्या लांबून ओळखू आला. तू तर सुरुवातीलाच मेलास. मेल्यावरही तुझं पोट वर-खाली होत होतं. लहानपणी झोपेचं सोंग घ्यायचास तेव्हाही असंच व्हायचं.

आणि लोक! प्रवचनाला ‘आमेन’ म्हणावं तसे पडद्याशी बोलत होते. मागे बघ बाबा, दाराआड उभाय तो, म्हणून नायकाला ओरडून सांगत होते. पण खरी शिसारी पुढेच आली. तो लाचखाऊ गोरा पोलीस जिन्यावरून गडगडला तेव्हा एक बाई उठून उभी राहिली आणि आणखी हाण मेल्याला, म्हणून किंचाळली. ती बाई मी होते. अलाबामात ज्या गोऱ्या पोलिसानं बाबांना भर रस्त्यात टोपी काढायला लावली, त्याच्यासारखाच जबडा होता रे त्या पोलिसाचा. घरी आले तरी माझी मलाच लाज वाटत होती.

आता नीट ऐक. चर्चमधल्या डीकन प्रूइटनी पोस्टात तुझ्यासाठी शब्द टाकलाय. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर जागा निघेल. ही गटार सोड आणि घरी ये. आई विचारत होती, पोरगा पडद्यावर कसा दिसतो. मी सांगितलं, झोपलेला दिसतो.

माझा लोभ आहेच, पण तूर्तास राग त्याच्या वर बसलाय, हे ध्यानात असावं.

तुझी,
ओडेसाताई

*

लॉस एंजेलिस, २० एप्रिल १९७३

ती. ओडेसाताईस, थॅडियसचे शि. सा. न. वि. वि.

म्हणजे शेवटपर्यंत बसलीस तर! एवढी किळस आली होती, तर दार काही लांब नव्हतं.

तुझं सगळं कबूल. तो कोट कॅमेरावाल्याच्या मावशीचा आहे. त्यात घामानं आमच्या नायकाला दोनदा भोवळ आली. पिक्चरमध्ये फुटते ती मोटार दिग्दर्शक रोलँडची स्वतःची. ती शेवटच्या दिवशी फोडली, नाहीतर आधीचे दिवस तो कामावर कशातून येणार? पिक्चर भिकार आहे, हे मला कळतं. पण ताई, आजवर पडद्यावर आपला काळा माणूस हातात ट्रे घेऊन यायचा, हो साहेब म्हणायचा आणि मरायचा. इथे तो साहेबाला बडवतो आणि स्वतःच्या पायांनी घरी जातो. तू उभी राहिलीस ती काही टोमॅटो सॉससाठी नाही.

आता बातमी. पुढच्या पिक्चरमध्ये एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी आहे. उडी नायकाची, पण त्याच्या जागी मारणार मी. रोलँडनं शब्द दिलाय. मी आणि माझे मित्र रविवारी बागेत जुन्या गाद्यांवर हीच तालीम करतो. खरी उडी असली की खाली रिकामी खोकी रचायची, किराणा दुकानांच्या मागून गोळा केलेली. पाय चुकला तर खोकी फुटतात, हाडं वाचतात. ही उडी पडद्यावर गेली की मला पिक्चरात काम करणाऱ्यांच्या संघटनेचं कार्ड मिळेल, मग मेल्याची सोंगं बंद. पोस्टातली जागा तेवढी धरून ठेव. उडी हुकली तर मुकाट्यानं येऊन टपालं लावत बसेन.

आईला मी वेगळं पत्र टाकलंय. तू चिडशील म्हणून तुला नंतर कळवतोय.

रागाखाली दबलेला लोभ अधूनमधून उन्हाला घालत जावा, ही विनंती.

तुझा,
थॅडियस

*

लॉस एंजेलिस, ९ जुलै १९७३

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईनं उडीची बातमी सबंध चर्चला सांगितली, तेही वाचलं.

उडी झाली. मी मारली नाही.

सकाळी गेलो तर रंगवणाऱ्या बाईच्या खुर्चीत एक गोरा माणूस बसला होता, डेल त्याचं नाव. ती डब्यातून तपकिरी रंग घेऊन त्याच्या तोंडाला, मानेला, हातांना फासत होती. रोलँडला विचारलं, तर तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, डेल अनुभवी आहे, विमेवाले खूश राहतात, इथे असंच चालतं. अनुभव मिळवायचा कुठे, असं मी विचारलं तेव्हा त्याला फोन आला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. रंग जुळेना. मग त्या बाईनं मला बोलावलं. जरा इथे उजेडात उभा राहा, तुझ्याकडे बघून रंग कालवते, म्हणाली. आणि मी उभा राहिलो, ताई! कापडाच्या दुकानात नमुन्याचा तुकडा धरतात तसं माझं तोंड त्याच्या तोंडाशेजारी धरलं. त्या रंगाचा तेलकट वास अजून नाकातून जात नाही. जेवण नको वाटतं. पण सगळ्यात जास्त ओकारी माझीच येते. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही माझं.

नोव्हेंबरपर्यंत करारानं बांधलोय. मग येतो. डीकनना होकार कळव. पिक्चर तिकडे लागेल तेव्हा आईला काहीतरी निमित्त सांगून घरीच ठेव. तिला हे कळता कामा नये.

पत्राला उशीर झाला तरी माया आटू देऊ नये.

थॅडियस

*

शिकागो, १२ नोव्हेंबर १९७३

चि. थॅडियस यास अनेक आशीर्वाद.

आईला घरी ठेव, असं लिहिणं सोपं असतं. शनिवारी ती निळा पोशाख घालून, चर्चमधल्या डझनभर बायकांना घेऊन थेटराच्या दारात उभी होती. मी पोट दुखण्याचं सोंग केलं. ती म्हणाली, तू राहा घरी. मग मी गेलेच.

पिक्चर मागच्याहून गलिच्छ आहे. तेच गर्द, त्याच उघड्या बायका, तीच तुंबड्या भरणारी मंडळी. आई मान खाली घालून पर्समधल्या गोळ्या चघळत होती. गच्ची आली तशी ती ताठ बसली आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाली, आता बघा, हा माझा मुलगा आहे. त्यानं ते पुढच्याला सांगितलं, पुढच्यानं आणखी पुढे, आणि उडीच्या आधीच लोक आईकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्या डेलनं उडी मारली. हवेत विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत सरकला आणि खालून पांढरीफटक पोटरी दिसली. तोंड रंगवलं, हात रंगवले, पाय रंगवायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं!  मग मागून कोणीतरी ओरडलं, अरे, याच्या पायांना ऊन लागलं नाही का रे? सगळं थेटर हसून लोळलं.

आई उभी राहिली. चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहते तशी, पुढच्या खुर्चीची पाठ धरून. म्हणाली, हा माझा मुलगा नव्हे. माझा मुलगा ही उडी मारायला तिकडे गेला होता आणि त्यांनी त्याचा रंग तेवढा उसना घेतला. अंधारातून आवाज आले, खरं बोला, आई! बोला! मला वाटलं, आता हे लोक पडदा फाडतील.

तेवढ्यात पडद्यावर मारामारी सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, आई, बसा आता, दिसत नाही. आणि सगळे परत नायकाला ओरडून सांगायला लागले. तीच माणसं, तशाच टाळ्या. मी म्हणे अपमानानं पेटले होते. तो लठ्ठ गोरा खिडकीतून बाहेर फेकला गेला तेव्हा माझेही हात आपसूक वाजले. थू माझ्या जिनगानीवर! ही चटक काय चीज आहे, ते त्या विकणाऱ्यांना आपल्यापेक्षा बरं ठाऊक आहे.

घरी आल्यावर आईला तुझं जुलैचं पत्र वाचून दाखवलं. तिनं ते माझ्या हातून घेऊन नीट घडी घातली. मग म्हणाली, त्याला लिही, पोस्टात काम करायची हौस असेल तर जरूर यावं, उद्या यावं. पण तोंड लपवायला येणार असेल, तर या घरात लपायला जागा नाही. मी तिच्याशी भांडले. तुझी मान मोडली तर काय, असं विचारलं. पण रात्रभर विचार केला आणि आता मीही तेच लिहितेय.

आमची माया तुझ्या पाठीशी आहे. तिला रंग लावावा लागत नाही.

ओडेसाताई

*

लॉस एंजेलिस, ३ डिसेंबर १९७३

ती. आईस व ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

उजवा गुडघा सुजलाय, बाकी धडधाकट आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

करार संपला, पण रोलँडनं पुन्हा बोलावलं. नवा पिक्चर, पुन्हा गच्ची, पुन्हा डेल. मला कशाला बोलावलंय ते मी ओळखलं. पोटरीच्या हशानं शहाणे होऊन या वेळी पायसुद्धा रंगवत होते. बाईनं हाक मारली, जरा उजेडात ये. मी तिच्या जवळून सरळ जिन्याकडे गेलो.

वर पोचलो तेव्हा खाली खोकी रचलेली नव्हती. कॅमेरा झाकलेला होता. थांबलो असतो तर परत जिना उतरलो असतो, म्हणून थांबलो नाही. धावलो आणि मारली उडी. पलीकडे गुडघ्यावर आपटलो, पण पलीकडेच. खाली हमाल, विजेवाले, रस्त्यातले बघे, सगळे ओरडायला लागले, अगदी तुमच्या थेटरात ओरडतात तसे.

रोलँड धापा टाकत वर आला. कमाल केलीस, म्हणाला, पण कॅमेरा बंद होता, परत मार, लगेच मार, ऊन चाललंय. त्याच्या डोळ्यांत मला तिकिटांची रांग दिसत होती. मी म्हणालो, मारतो. आधी त्या माणसाचं तोंड धुवा.

तो हसला. मी बसून राहिलो. त्यानं घड्याळ पाहिलं, शिव्या दिल्या, विमेवाल्यांची भीती घातली. ऊन समोरच्या भिंतीवर चढायला लागलं. शेवटी डेल स्वतःच उठला आणि सगळ्यांसमोर, अंगणातल्या नळाखाली, साबणानं घासून घासून तोंड, मान, हात, पाय धुऊन आला. सगळं पाणी वाहून जाईपर्यंत मी वरून बघत होतो.

मग उठलो आणि उडी मारली.

पिक्चर भिकारच आहे. मलासुद्धा त्याची किळस येते, आणि तुम्ही टाळ्या वाजवाल हेही ठाऊक आहे. डीकनना माझा नमस्कार आणि नकार, दोन्ही कळवा. आई, या वेळी शेजाऱ्याला बिनधास्त सांग.

तुमचा,
थॅडियस