विश्वासू उपकरणांच्या साफसफाईबद्दल वन्संना

ती. वन्संना भावजयीचा साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर तुमच्या बंधूंचं आणि आतलं माझं, अशी तुमची फसवणूक केली आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझं अक्षर बाहेर दिसलं असतं तर पाकीट न फोडता रद्दीत गेलं असतं, हे मी गृहीत धरलं. (तुमच्या बंधूंनी पत्ता लिहून दिला, पण आत काय आहे ते मला सांगू नकोस, अशी अट घालून. दोन बायकांच्या मध्ये पडलं की दोन्हीकडून बसते हा त्यांचा जुना अनुभव आहे.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? आमच्याकडे सगळे ठीक आहेत. माझी कंबर, त्यांचा रक्तदाब आणि स्वयंपाकघरातला नळ, तिन्ही होते तसेच आहेत. पत्राला तसं काही कारण नाही, मागायचंही काही नाही. दोन वर्षं आपण बोललो नाही, म्हटलं सहज चार ओळी लिहाव्यात. त्यातून गेला आठवडा असा गेलाय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला श्वास पुरा घेता येणार नाही.

माझं काम तुम्हाला माहीतच आहे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी त्यावरून कवळ्या बनवते, आणि लोक डॉक्टरांचे आभार मानतात. हल्ली प्लास्टरमधला ठसा येत नाही, जबड्याचं स्कॅन येतं आणि थेट माझ्या खात्यात जाऊन बसतं. त्या एका खात्यात अकराशे जबडे आहेत, वन्सं. त्यातला एक जबडा आहे निवेदकांचा. हे गृहस्थ तीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचायचे, आवाज असा की नुसतं हवामान सांगितलं तरी माणसं कामं थांबवून ऐकायची. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या जबड्याची शस्त्रक्रिया झाली. आता तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, माप घ्यायचं अवजार आत जात नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी घेतलेलं स्कॅन तेवढं आहे, आणि ते डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवून आपल्याकडचं पुसून टाकलं. (बाईंकडे आहे म्हणजे तिजोरीत आहे, असं ते म्हणाले. बाईंचं डोकं कुठे होतं हे पुढे कळेलच.) त्यावरून मला दोन तुकड्यांची कवळी करायची आहे, एक तुकडा आधी आत सरकवायचा आणि दुसरा त्याला आतच जोडायचा. येत्या रविवारी त्यांच्या जुन्या केंद्रात त्यांचा सत्कार आहे आणि त्यांना अर्धा तास बोलायचं आहे. दातांशिवाय ते कुणासमोर तोंड उघडत नाहीत. रोज सकाळी दहाला येतात, तोंडावर रुमाल धरून स्टुलावर बसतात आणि चिठ्ठी पुढे करतात, 'कुठपर्यंत आलं?' रागावत नाहीत हो, तेच तर अवघड जातं.

तर गेल्या गुरुवारी दुपारी फोनवर एक निरोप आला. आपल्या खात्याशी जोडलेलं एक उपकरण दुसऱ्या गावातून वापरलं गेलं, ते तुम्हीच होता का, असं काहीसं. मी मेणात दात लावत होते, हात बरबटलेले, पूर्ण वाचलं नाही. पण 'दुसऱ्या गावातून' एवढे शब्द पुरे झाले. माझ्या अकराशे जबड्यांत चोर शिरला! शेजारच्या टेबलावरच्या दोघींना मी मोठ्याने सांगितलं की हा मेला सापडू दे, याचे एक-एक करून दात पाडीन आणि कवळी दुसरीकडून घ्यायला लावीन. मग कामाच्या संगणकावर खातं उघडलं, तर तिथे 'तुमची विश्वासू उपकरणं' अशी यादीच निघाली. सहा नावं! एवढी विश्वासू माणसं तर मला आयुष्यात मिळाली नाहीत. एक माझा फोन, एक कामाचा संगणक, एक त्याच्या आधीचा संगणक, तुमच्या बंधूंचा फोन (तो कधी जोडला ते दोघांनाही आठवत नाही), एक नुसत्या आकड्यांचं काहीतरी, आणि सगळ्यात खाली नऊ वर्षांपूर्वी जोडलेला एक टॅबलेट.

आता इथे माझी विद्या आडवी आली. आमच्या धंद्यात एका तोंडाचे चार-पाच साचे होतात. पहिला खऱ्या मापावरून, बाकीचे त्याच्यावरून, आणि दर वेळी केसभर फरक पडत जातो. गोंधळ झाला की पहिला ठेवायचा आणि बाकीचे फोडून टाकायचे, हे माझ्या गुरूंनी हातावर पट्टी मारून शिकवलं आहे. तीस वर्षं या नियमाने मला दगा दिला नाही. मी त्या यादीकडे पाहिलं, तारखा वाचल्या आणि मनाशी म्हटलं की चोर शिरला असेल तर नंतरच्या कुठल्यातरी दारातून शिरला असेल, पहिलं ते अस्सल. आणि भराभर काढून टाकायला सुरुवात केली. आकड्यांचं गेलं, जुना संगणक गेला, तुमच्या बंधूंचा फोन गेला, माझा फोन गेला. शेवटी ज्या संगणकावर बसले होते तोही काढला. (झाडाच्या फांदीवर बसून तीच तोडणाऱ्याला निदान ती हलताना जाणवत असेल. मला तेही जाणवलं नाही.) पडदा पांढरा झाला. मी हात झटकले, चहा प्यायले, आणि परत येऊन आत जायला गेले तर खातं म्हणालं, तुमच्या विश्वासू उपकरणावर प्रश्न पाठवला आहे, तिथे 'होय' म्हणा.

विश्वासू उपकरण एकच उरलं होतं. आणि ते माझ्याकडे नव्हतं.

मी सगळं करून पाहिलं. फोनवर संकेतांक मागवला, तर तो माझ्या जुन्या नंबरवर जायचा होता, आणि तो नंबर बंद करून चार वर्षं झाली. शुक्रवारी दोनदा, शनिवारी दोनदा आत जायचा प्रयत्न केला. चारही वेळा थोडा वेळ थांबून उत्तर आलं, 'विनंती नाकारली'. मला वाटलं यंत्र बिघडलंय. तुमच्या बंधूंना वाटलं मी बिघडलेय. शनिवारी निवेदक येऊन बसले तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून दुसऱ्याच कुणाची तरी कवळी दीड तास घासत राहिले. अखेर सोमवारी सकाळी मदतकेंद्राला फोन लावला. पाऊण तास बासरी ऐकवल्यावर एक बाई आली, समजूतदार होती. तिने माझा सगळा इतिहास तपासला आणि शांतपणे सांगितलं की बाई, चोर वगैरे कुणी नाही. गुरुवारचा निरोप त्या टॅबलेटबद्दलच होता, असे निरोप पाठवायला त्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे. म्हणजे निष्पाप होते ते पाचही मी हाकलले आणि ज्याच्यावर संशय होता त्यालाच गादीवर बसवलं. चार नकार आले आहेत ते यंत्राने दिलेले नाहीत, तो टॅबलेट ज्यांच्या हातात आहे त्यांनी लाल बटण दाबलं आहे. पाचवा नकार आला की खातं महिनाभर बंद. आणि तो टॅबलेट, ती म्हणाली, गेली दोन वर्षं दर गुरुवारी दुपारी सव्वातीनला चालू होतो. दहा-बारा मिनिटांनी बंद होतो. पाच उपकरणं काढल्याचा निरोप त्यावर गेला, तेव्हापासून मात्र तो चालूच आहे.

वन्सं, मी तिला वेळ पुन्हा सांगायला लावली. गुरुवारी सव्वातीन. आई होत्या तेव्हा जेवून, थोडं पडून, तोंड धुऊन तुम्हाला फोन करायच्या ती वेळ.

तो टॅबलेट आईंना मीच आणून दिला होता आणि त्यात माझंच खातं घातलं होतं, हे खरं आहे. त्यावर बोट ठेवून आई आपल्या आवाजात तासन् तास बोलून ठेवायच्या हेही मला माहीत आहे. कागदावर लिहायला हात थरथरतो, म्हणायच्या. आई गेल्यानंतर तेराव्या-चौदाव्या दिवशी तुम्ही तो पिशवीत ठेवलात आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले की त्यात माझं खातं आहे, न्यायच्या आधी विचारायचं तरी. तुम्ही म्हणालात, आईच्या वस्तूला तुझी परवानगी? आणि भरलेला कप तसाच ठेवून निघून गेलात. त्या कपाकडे पाहून तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं की मी फार वाईट बोलले. खातं कसलं घेऊन बसले होते मी!

असो. एवढंच सांगायचं होतं. गुडघ्याला जपा, तेल लावून शेकत जा, आणि जिने कमी चढा. तुमच्याकडच्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची भावजय

ता. क. वर मागायचं काही नाही असं लिहिलं आहे ते खोटं आहे. शुक्रवारी सकाळी बरोबर अकरा वाजता मी पाचव्यांदा आणि शेवटचं दार ठोठावणार आहे. त्या वेळी टॅबलेट चालू करून जवळ ठेवा. त्यावर प्रश्न येईल की आत येऊ पाहणारी व्यक्ती तुम्हीच का. खाली एक लाल बटण, एक हिरवं. हिरवं दाबा. ती व्यक्ती तुम्ही नाही, मी आहे, हे खरं असलं तरी हिरवंच दाबा. कवळीला दोन दिवस लागतात, म्हणून शुक्रवारच्या पुढे ढकलता येत नाही. तुम्ही माझा फोन उचलत नाही, त्यामुळे हे पत्र कुरियरने पाठवते आहे, बुधवारी मिळेल. आधीचे चार नकार तुम्ही चोर समजून दिलेत की मी आहे हे ओळखून, ते मी कधीच विचारणार नाही.

ता. क. दुसरा. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मदतकेंद्रातल्या बाईंनी मला दुसरा एक रस्ता सांगितला होता. ओळखीची कागदपत्रं दाखवली तर तासाभरात खातं परत मिळतं, कुणाच्या 'होय'ची गरज नाही. फक्त त्यात तो टॅबलेट खात्यातून काढला जातो आणि त्याच्यावरचं सगळं पुसलं जातं. आईंचं बोलणं दुसरीकडे कुठे साठवलेलं नाही, फक्त त्याच्यात आहे, हे मी तिच्याकडून दोनदा खात्री करून घेतलं. तिने विचारलं, काढू का? मी नको म्हटलं. आई त्यात निम्म्याहून जास्त माझ्याबद्दलच बोलल्या आहेत, वन्सं, आणि चांगलं फारसं नाही. भिंत पातळ होती, मला सगळं ऐकू यायचं. तरी नको म्हटलं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पाकीट चिकटवायच्या आधी निवेदक आले. त्यांना फसवणं मला जमेना, मी सगळं सांगितलं, तो तासाभराचा रस्ताही. म्हटलं, तुमचं अर्ध्या तासाचं भाषण आहे, तुम्ही सांगाल तसं करते, तुम्ही म्हणालात तर आत्ता फोन लावते. त्यांनी चिठ्ठीसाठी खिशात हात घातला, मग पेन परत ठेवलं. तोंडावरचा रुमाल काढला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर बोलले. शब्द नीट लागत नव्हते, दोनदा ऐकावे लागले. म्हणाले, "पुसू नका. माझं भाषण दुसरं कुणीतरी वाचेल." मग रुमाल पुन्हा तोंडावर धरून गेले. शुक्रवारी अकरा वाजता, वन्सं. हिरवं.