साळव्यांसाठी जेवणावरची प्रार्थना

राळेगाव, मंगळवार, ४ फेब्रुवारी १९५८

अहो,

चिठ्ठी मुद्दाम तुमच्या चष्म्याच्या डबीत ठेवलीय, साळव्यांना दिसायला नको. मी शेजारच्या इंदूबाईबरोबर बायकांच्या सभेला चाललेय. भाकरी झाकून ठेवल्यात, आमटी तेवढी गरम करा.

साळवे नवरा-बायको नगरहून दोन दिवसांसाठी आले, आज अकरावा दिवस. दोष त्यांचा नाही, तुमचा आहे. रोज जेवणावर प्रार्थना करताना तुम्ही म्हणता, "प्रभू, या मित्रांचा सहवास आम्हाला असाच लाभू दे." ते दोघं मोठ्यानं आमेन म्हणतात आणि भरलेली पिशवी पुन्हा सोडतात. काल इंदूबाई म्हणाली, "बाई, हे पाहुणे आता अथीच राह्यतेत काय?"

आज "यांचा परतीचा प्रवास सुखाचा कर" एवढंच मागा. आमेन कोण म्हणत नाही, ते डोळा किलकिला करून बघा.

पण खरं सांगू? पेन्शनीनंतर चर्चच्या सेवेला म्हणून आपण नगर सोडून इतक्या लांब आलो, अजून दीड वर्ष काढायचंय. साळव्यांची मार्थाबाई गेली की माझ्याशी नगरचं बोलायला कोण आहे?

ती प्रार्थना आज नको. रविवारी करा.

रत्ना