बारकी गोळी

गुरुवार, दिवेलागणीला

आज आत्याबाईंनी डॉक्टरसमोर सुनेला पाठीशी घातलं, अन् मी सून गप बसले.

सकाळी त्यांच्या ओठांतून चहा ओघळला, शब्द जड झाले. हिंगोलीला नेईस्तोवर बोलणं बरंच सुधारलं होतं. तरी डॉक्टर भडकले. मेंदूची नस अरुंद झाली आहे, रक्त पातळ करणारी गोळी सोडायची नाही, असं मागच्या झटक्यानंतर बजावलं होतं. मग कोणी सोडली?

मीच बंद केली. दुसरं कोण? गेल्या आठवड्यात त्यांच्या अंगठ्याला विळी लागली. आमच्या घरात कशावरही हळद दाबतात, मीही मूठभर दाबली. रक्त थांबेचना, पिवळी चिंधी लाल होऊन गेली. मला वाटलं, हे त्या गोळीचंच काम. डॉक्टरला एक फोन करायला काय झालं होतं? पण मला मोठी अक्कल! दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंही, "ती बारकी गोळी काहून न्हाई?" मी म्हणाले, "डॉक्टरनं बंद केली."

अन् आज त्या डॉक्टरला म्हणाल्या, "माझ्याच ध्यानात ऱ्हायली न्हाई." मी मान हलवली. व्हय, हलवली.

आत्ता गोळी द्यायला गेले. घरात आमी दोघीच. त्यांनी तळहात पुढं केला, अंगठ्यावर हळदीचा डाग अजून तसाच. म्हणाल्या, "आता तूच आठवणीनं देत जा माय. माझा काय भरवसा?"